एकोणचाळीस दाते

किंबा गावात चेन बसवावी तर क्लेम नॉस्कीनं. बाकीचे नुसती अडकवतात. हे किंबातलं कुणीही सांगेल, आणि कुणी नाही सांगितलं तर क्लेम स्वतः सांगेल. गव्हाच्या कोठारांवर जन्म गेला त्याचा. दाणा खालून वर नेणाऱ्या चेनी, त्यांची दातेरी चक्रं, त्यांचा ताण, त्यांचं तेलपाणी, सगळं त्याच्या हातचं. शाळा त्याला मानवली नाही, शाळेलाही तो मानवला नाही. पण जमिनीवर उभं राहून, नुसता आवाज ऐकून, वर कुठली कडी ढिली झालीय ते तो सांगायचा. बढाईखोर म्हणा, हरकत नाही. पण बढाई मारायलाही जवळ काहीतरी लागतं, आणि क्लेमच्या जवळ ते होतं.

त्याच्या जवळ आणखी एक होतं. धाकटा भाऊ, लायल.

लायल म्हणजे कुंपणाचा खांब. तसाच उंच, तसाच वाळका, आणि बोलकाही तितकाच. मेंढ्यांच्या मागं मोटारसायकल घालण्यात त्याची हयात गेली. साठी कधीच उलटली तरी क्लेम त्याला बारक्या म्हणायचा, आणि तो क्लेमला म्हाताऱ्या. दोघांनी मिळून एक गाडी केली होती. मेंढ्यांमागच्या जुन्या गाडीचं एवढंसं इंजिन, आणि त्यावर क्लेमनं हातोडीनं ठोकून काढलेलं, माशासारखं निमुळतं पत्र्याचं कवच. त्यात लायल पालथा पडून गाडी हाकायचा. क्लेम आत शिरला असता तर पत्रा शिवणीत उसवला असता.

उन्हाळा उतरला, वरच्या रानातल्या खाऱ्या तळ्यातलं पाणी आटून मीठ फरशीसारखं टणक झालं, की दोघं गाडी ट्रकवर घालून मिठावर जायचे. देशभरातले वेगाचे वेडे तिथं जमायचे. एवढ्याशा इंजिनावर ताशी शंभर मैल कुणी गेलं, की वेळ मोजणाऱ्यांच्या गाडीच्या मागच्या दारावर त्याचं नाव ब्रशानं रंगवायचे. बक्षीस नाही, पैसा नाही. नुसतं नाव. त्या दारावर नॉस्की हे नाव नव्हतं, आणि क्लेमला ते दात दुखावा तसं दुखायचं.

यंदाची खेप शेवटची होती. लायलच्या डोळ्यांना कडेकडेनं अंधार येत चालला होता. व्हायला नावाच्या शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरनं गाडी चालवायच्या कागदावर सही तर केली, पण कागद देताना म्हणाला, "पुढच्या वर्षी हा कागद घेऊन आलास, लायल, तर मी दवाखान्याच्या मागच्या दारानं पळून जाईन."

बाहेर आल्यावर लायल क्लेमला म्हणाला, "नळीतून बघितल्यासारखं दिसतं बघ. पण मिठावर समोरच बघायचं असतं ना? बाजूला कोण असतंय तिथं?"

क्लेमनं काय करावं? त्याच संध्याकाळी पबमध्ये सगळ्यांसमोर ग्लास आपटून सांगून टाकलं, "यंदा बारक्या शंभर मारणार नाही. एकशेतीन मारणार."

"एकशेतीन कुठून काढलंस?" कुणीतरी विचारलं.

"डोक्यातून. तुझ्यात असेल तर तूपण काढून बघ."

मिठाकडे जाताना त्यानं दुकानातून लाल रंगाचा छोटा डबाही घेतला. म्हणे वेळ मोजणाऱ्यांचा रंग बिटाच्या पाण्यासारखा फिका असतो, नॉस्कीचं नाव त्यात नको.

मिठावर सुरुवात झकास झाली. सकाळची वेळ, वारा ठार पडलेला. मागच्या चाकाला चाळीस दात्यांचं चक्र होतं. लायल गेला आणि रेडिओवर आकडा आला, अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन.

"इंजिन किंचाळत होतं," लायल म्हणाला. "अजून द्यायला त्याच्याकडे काही नाही."

म्हणजे चक्र बदलायचं. ज्यानं सायकल चालवलीय त्याला हे कळतं. मागच्या चक्राला दाते कमी, तर इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक जास्त पळतं. पण फुकटात काही मिळत नाही, ओढायलाही ते तितकंच जड जातं. समोर वारा असला की इंजिनाला धाप लागते, ते वर चढतच नाही, आणि जास्त पळायला घातलेलं चक्र उलट कमी पळतं. मिठावर माणसं यावर दिवसचे दिवस वाद घालतात, आणि दाते मात्र एका-दोनानंच बदलतात.

क्लेमच्या पेटीत चाळीसच्या खालचं एकच चक्र होतं. अडतीसचं. त्यानं ते काढून फडक्यानं पुसायला घेतलं.

शेजारची ताडपत्री नायरीची होती. तिथं प्रत्येकाला गाडीखाली ताडपत्री घालावी लागते, मिठावर तेलाचा थेंब पडलेला चालत नाही. नायरी मूळची इन्व्हरकार्गिलची, न्यूझीलंडच्या पार खालच्या टोकाची. साइडकार पळवायची. दारावर तिचं नाव होतं, आणि ती ते कधी कुणाला सांगायची नाही. क्लेमला तेच जास्त लागायचं.

"अडतीस घालतोयस?" तिनं बसल्या जागेवरून विचारलं.

"अडतीस."

"दुपारी दक्षिणेचा वारा उठेल. कालही उठला होता."

"उठू दे. आमची गाडी वाऱ्याला विचारून निघत नाही."

नायरी उठली, आपल्या पेटीत हात घातला आणि एक चक्र काढून तळहातावर ताटासारखं धरून आली. "एकोणचाळीस आहे. भोकंपण तुझ्या गाडीला बसतात, मी सकाळीच लावून बघितली. घे."

क्लेमनं हात पुसले. हिशोब त्याला तोंडपाठ होता. "एकोणचाळीसवर किती होतात? शंभर, आणि वर अर्ध्याहून जरासं. म्हणजे उंबऱ्यावर पाय. मला उंबऱ्यावर उभं राहायचं नाही, नायरी. मला आत जाऊन पाय पसरून बसायचंय."

"दारावर आकडा नाही लिहीत रे, नाव लिहितात. उंबऱ्यावरचाही आतलाच धरतात."

"आणि उसन्या लोखंडावर नॉस्कीचं नाव चढवू? गाव काय म्हणेल?"

"लोखंडाला आडनाव नसतं, टोणग्या." ती लायलकडे वळली. लायल उलट्या खोक्यावर बसून पावात गार मटण आणि बिटाच्या चकत्या घालून खात होता. "लायल, तू सांग. चालवायचीय तुला."

लायलनं घास गिळला. "चेन त्याची. मी नुसता आत पडतो." मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "एकोणचाळीस वाईट नाही, म्हाताऱ्या."

"वाईट नाही म्हणजे चांगलंपण नाही," क्लेम म्हणाला, आणि त्यानं अडतीस बसवलं. कसं बसवलं? बघत राहावं असं. हात असे फिरत होते की जशी काही बाई पोळी लाटतेय. नायरीनं आपलं ताट पुन्हा पेटीत ठेवलं.

आता रांगेचं सांगायला पाहिजे. मिठावर एका वेळी एकच गाडी सुटते, बाकी सगळे रांगेत. रांग मोठी असते, अर्धा दिवस जातो. आणि रांगेला एक नियम. रांगेत उभं राहिल्यावर पाना उचलायचा नाही. उचललास, तर रांग सोडायची आणि शेपटीला जायचं. पूर्वी लोक रांगेतच इंजिनं उघडून बसायचे आणि मागचे शिव्या घालायचे, म्हणून केलेला नियम. रांग सांभाळायला डेस होता, गवती हॅट घातलेला जाडा माणूस. त्याला नियम सोडून दुसरं काही ठाऊक नव्हतं. त्यामुळे दुपारी वारा कसा असेल ते सकाळीच ताडायचं, चक्र घालायचं, आणि मग जे होईल ते बघायचं.

दोघं रांगेत लागले तेव्हा वारा नव्हता. मार्गाच्या कडेला खुणेच्या काठीवर कापडाची पट्टी बांधलेली असते, ती मेलेल्या उंदराच्या शेपटीसारखी लोंबत होती. क्लेम खुशीत. पुढच्याला सांगतोय, मागच्याला सांगतोय, "आमचा बारक्या. नळीतून बघितल्यासारखं दिसतं त्याला, तरी सरळ जातो. तुमच्यातले काही दोन्ही डोळे उघडे ठेवून मिठाच्या बाहेर जातात." लोक हसले. लायल चामड्याच्या सुटात घाम गाळत सावलीकडे तोंड करून बसलेला.

वारा आधी क्लेमच्या मानेला कळला. घाम एकदम गार पडला. त्यानं बघितलं तर कापडाची पट्टी हलली, खाली पडली, पुन्हा हलली. मग उठली ती उठलीच. दक्षिणेकडून, बरोब्बर समोरून.

क्लेम बोलायचा थांबला. रांगेतल्या लोकांना ते लगेच जाणवलं, इतका तो एरवी बोलायचा.

त्याच्या खिशात पाना होता. ट्रक तिथंच उभा होता, त्यात चाळीसचं चक्र होतं. रांगेत पाच पावलं पुढं नायरी, तिच्या पेटीत एकोणचाळीसचं. हात नुसता खिशात गेला, तोच डेस समोर.

"खिशात काय आहे, क्लेम?"

"रुमाल."

"लोखंडी दिसतोय."

"डेस, उलट्या बाजूनं सोड की सगळ्यांना. वारा पाठीशी घेऊन जातील. सगळ्यांचंच भलं होईल."

"मी काय वारा विकतो होय? दक्षिणेला समुद्र आहे, तिथं जाऊन तक्रार कर." डेस हॅट दाबून पुढं गेला.

नायरीचा नंबर आला. ती जाऊन आली. तिचा आकडा सकाळच्यापेक्षा कमी पडला होता. ट्रकमधून उतरताना तिनं क्लेमकडे बघितलं आणि हातमोजे काढायला लागली. ती काहीतरी टोचून बोलली असती तर क्लेमला बरं वाटलं असतं.

तो लायलजवळ उकिडवा बसला. "बारक्या, रांग सोडू या."

"का?"

"ही गाडी आता ओढणार नाही. उद्या शेवटचा अर्धा दिवस आहे अजून. सकाळी वारा नसतो. मी चक्र बदलतो."

लायलनं मान वळवून पश्चिमेकडे बघितलं. त्याला सगळी मान वळवावी लागायची आता. पश्चिमेला क्षितिजावर ढगांची एक मळकी रेघ होती, सकाळी नव्हती ती. "आणि पाऊस आला तर?"

"येईलच असं नाही."

"मीठ भिजलं की संपलं."

"माहीत आहे मला!"

"मग तू सांग," लायल म्हणाला. "थांबायचं की सोडायचं. तू म्हणशील तसं."

सगळ्या जन्मात क्लेमला काय करायचं हे कधी सुचलं नाही असं झालं नव्हतं. गव्हाचं सांगायचा, मेंढ्यांचं सांगायचा, दुसऱ्याच्या बायकोच्या केकचंपण सांगायचा. आता त्यानं तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. वाऱ्यात जायचं तर गाडी ओढत नाही. थांबायचं तर ढग. एकीकडे बघितलं की दुसरीकडचं बरं वाटायचं, आणि दुसरीकडे बघितलं की पुन्हा पहिलं. लायल तोंडाकडे बघत होता, त्या नळीतून, सरळ.

तेवढ्यात रांग एका गाडीनं पुढं सरकली. मागून कुणीतरी ओरडलं, "चला रे, नॉस्की!" दोघांनी सवयीनं गाडीला हात लावला आणि पुढं ढकलली. निर्णय झाला तो एवढाच.

लायल आत पडला. क्लेमनं कवचाचं झाकण लावलं, वर दोनदा थाप मारली. गाडी पांढऱ्यावर लांब गेली, ठिपका झाली, मग ठिपकाही उन्हात विरघळला. राहिला आवाज. आणि क्लेमचा कान म्हणजे काय ते आधीच सांगितलंय. पहिला गियर, दुसरा, तिसरा, सगळं सुरेख. चौथ्यातही चढत गेली. मग वरचा गियर पडला आणि आवाज खाली बसला. आता चढेल, आता चढेल, म्हणत क्लेमनं स्वतःचीच छाती फुगवून धरली, जणू तिकडे इंजिनाला त्याचा श्वास मिळणार होता. आवाज चढला नाही. धाप लागलेल्या म्हाताऱ्यासारखा एका पट्टीत घरघरत राहिला, आणि संपला.

रांगेतल्या सगळ्या रेडिओंवर एकदम आलं, "सत्त्याण्णव पूर्णांक चार."

कुणी हसलं नाही. तेच वाईट.

क्लेम ट्रक घेऊन दुसऱ्या टोकाला गेला तेव्हा लायल गाडीशेजारी बसून भुवयांवरचं मीठ झाडत होता.

"जड होती," लायल म्हणाला. मग म्हणाला, "समोरचं मात्र स्वच्छ दिसलं. शेवटपर्यंत."

परतीच्या सगळ्या वाटेवर क्लेम वाट बघत होता, की हा आता एकोणचाळीसचं बोलणं काढेल. लायलनं काढलं नाही. त्याला तहान लागली होती, तो बाटलीतलं पाणी पीत बसला.

ट्रक उभा करून क्लेम थेट नायरीच्या ताडपत्रीपाशी गेला. ती चाकातलं मीठ खरवडत होती. तो कडेला उभा राहिला. अशा वेळी कसं उभं राहायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं एकदा हात बांधले, एकदा सोडले.

"नायरी."

"हं."

"ते तुझं ताट... आहे का अजून?"

तिनं खरवडणी खाली ठेवली, पेटीतून चक्र काढून त्याच्या हातात दिलं. "नट घट्ट कर," ती म्हणाली. "आणि तोंडपण."

"बरं," क्लेम म्हणाला. नुसतं बरं. लायलनं ते ऐकून मान वर केली.

ऊन उतरायच्या आत चक्र बसलं. तशी चेन क्लेमनं कोठारांवरसुद्धा कधी बसवली नसेल. ताण बघितला, पुन्हा बघितला, पुसून तेल दिलं. लायलनं मागचं चाक हातानं फिरवलं आणि चेन अशी गेली, आवाज म्हणून नाही. वारा तोवर पडला होता. खुणेची पट्टी पुन्हा लोंबत होती. सकाळी असंच राहिलं तर शंभर आणि वर अर्ध्याहून जरासं. उंबरा. क्लेमला आता उंबराच हवा होता, आणखी काही नको होतं.

पण पश्चिमेची रेघ जाड झाली होती. एरवी तो ढगांनाही दोन शब्द सुनावायचा. त्या दिवशी त्यानं ताडपत्रीचं टोक गाडीवर ओढलं आणि तंबूत जाऊन पडला.

उजाडता उजाडता तंबूवर थेंब वाजायला लागले. मोठा पाऊस म्हणावा असा नव्हताच. शेतावर असता तर शेतकऱ्यानं तोंड वाकडं केलं असतं. पण मिठाला तेवढा पुरतो. क्लेम बाहेर आला तेव्हा सगळं तळं आरशासारखं झालं होतं, त्यात ढगच ढग. लांबून डेस पँट गुडघ्यापर्यंत वळून, बूट हातात घेऊन पाण्यातून येत होता. जवळ आल्यावर त्यानं डोक्यावर दोन्ही हात एकमेकांवर आडवे धरले. बंद.

क्लेम बोटभर खाऱ्या पाण्यात गाडीजवळ उभा राहिला. गाडी ताडपत्रीखाली कोरडी होती. आभाळाकडे बघून त्यानं एक शिवी काढली, तीपण अर्धीच.

"चहा गार होतोय, म्हाताऱ्या," आतून लायल म्हणाला.

किंबाच्या पबमध्ये त्या आठवड्यात गर्दी होती. सगळे एकशेतीनची वाट बघत होते. क्लेम आला, बसला.

"किती?"

"अठ्ठ्याण्णव," क्लेम म्हणाला. "पण एकोणचाळीसवर..." आणि थांबला. त्यानं ग्लास पुढं ओढला. मग कुणीतरी गव्हाचा विषय काढला.

गाडी आता क्लेमच्या शेडमध्ये उभी आहे, मागचं चाक उचलून ठोकळ्यावर. रविवारी लायल येतो. कुंपणाच्या तारेला हात लावत लावत येतो, नळी आता सुईच्या नेढ्याएवढी झालीय. क्लेमनं वाटेतली बादली, कोंबड्यांचं भांडं, सगळं बाजूला करून ठेवलेलं असतं, आणि मी नाही केलं म्हणून सांगतो.

मध्यंतरी नायरीचा फोन आला. "माझं चक्र कुठं आहे?"

"गाडीवर."

"मग काढून पाठव की. मला लागणारय यंदा."

"तू येऊन काढून ने."

"अरे, चार नट तर आहेत. गंजले का?"

"नाही."

"मग?"

"माझ्याच्यानं निघत नाही, नायरी."

तिकडे पेटी धुंडाळल्याचा खडखडाट झाला. मग नायरी म्हणाली, "राहू दे तर. मी दुसरं बघते."

रविवारी क्लेम चेनला तेल देतो, लायल खोक्यावर बसून चाक हातानं फिरवतो. चाक फिरत राहतं, जागच्या जागी, हवेत. लायल मान कलती करून ऐकतो.

"मस्त चाललीय," तो म्हणतो.

"चालणारच," क्लेम म्हणतो. "बसवलीय कुणी?"

चाक हळू होत होत थांबतं. लायल हात पुढं करून ते चाचपतो, आणि पुन्हा फिरवतो.